काजलीगडाची धार

पहाटे छावणीतून निघालो,
डब्यात पोहे, जिरावणाची पुडी वेगळी बांधलेली.
सिमरोल येईपर्यंत मीच बडबडत होतो.

मग घसारा, सागाची वाळकी पानं,
आणि पुढे वाट अशी उरलीच नाही:
डावीकडे खोह, उजवीकडे खोह,
मधे घोरपडीच्या पाठीसारखी धार.

रेणुका ओढणी कमरेला कसून
सरळ चालत गेली, मागे न बघता.
मुक्तेश बसून बसून, पँटचं बूड झिजवत.
मी मधोमध थांबलो.
थांबलो म्हणजे,
गुडघ्यांनी परस्पर ठरवलं.

खाली घार फिरत होती.
घारीची पाठ मी पहिल्यांदा पाहिली:
भुरी, वळताना किंचित तांबूस.
इतका वेळ पाहिली
की दरी माझ्याकडे बघू लागली.

इदरीस मागे होता. हात दिला नाही त्याने.
टेकला तिथेच, पाय खाली सोडून.
"भिया, दिवाळीचे सातशे
कधी देणार?"
"पाचशे."
"सातशे. कचोऱ्या कोणी खाल्ल्या?"
पेट्रोलचे वजा,
तुझ्या भाच्याच्या वाढदिवसाचे जमा,
एक पाऊल,
नाही, ते मी दिले होते,
अजून एक,
तुझ्या आईची शपथ घे,
आणि पायाखाली एकदम
झोपता येईल एवढी जमीन.

रेणुकाने डबा उघडला होता.
जिरावण भुरभुरताना तिचे हात थरथरत होते,
निम्मी पुडी वाऱ्यावर गेली.
कोणीच काही बोललं नाही.

सहाशे पन्नासवर मिटलं.
परतायची वाट
तीच होती.