मानस

फॉर्मवर एकोणतीस प्रश्न होते.
शेवटचा: इतर काही निरीक्षण असल्यास.
त्याच्यापुढे दीड ओळ.
दीड ओळीत मावेल एवढंच इतर असतं
असं आम्ही बांबोळीत, एसीखाली बसून ठरवलं होतं.

मेरशीच्या त्या घरात मी मंगळवारी जायची.
फोंडू आजोंना म्हटलं, घड्याळ काढा.
त्यांनी गोल काढला. आकडे नाहीत, काटे नाहीत,
मधोमध दोन उभ्या रेघा
आणि त्यांच्यात आडव्या फळ्या, एकीखाली एक.
मी शून्य दिलं.

मग ते न्हाणीच्या दाराशी गेले, दार दोन्ही हातांनी लोटू लागले:
"मानस बंद कर, मानस बंद कर, पाणी भितर येता."
मी लिहिलं: स्वतःच्या मनाविषयी बोलतात. जाणीव शिल्लक.
आणि खरं सांगते,
त्या वाक्यावर मी थोडी खूशही झाले.

पिएदाद खाली बसून त्यांचे ओले पाय पुसत होती.
वर न बघता म्हणाली, "मन न्हय गो. मानस.
खाजनाचें दार. तुमच्या फोंड्यात नासतलें."
तिचा बाप दिवाडीला अशाच एका दारावर होता.
भरतीला फळ्या आपोआप मिटतात,
सुकतीला उघडतात,
तरी एक माणूस कंदील घेऊन रात्रभर बांधावर बसतो,
कारण आपोआप मिटणाऱ्या गोष्टींवर
कुणीतरी नजर ठेवावी लागते.

चार वर्षं ती इथे आहे.
माझ्या प्रत्येक फॉर्मवर तिची सही,
'माहिती देणारी व्यक्ती' या शब्दांखाली.
माहिती मात्र कुणी मागितली नव्हती.

तिच्याकडे एक वही होती, किराण्याच्या हिशेबाची.
मागच्या पानांवर वेळा:
आजो दारापाशी कधी गेले.
मी त्या आलेखावर मांडल्या तेव्हा दिसलं,
रोज पाऊण तास, कधी जरा जास्त, पुढे सरकतात.
हे तिला दिसलं नव्हतं.
ती म्हणाली, मला वाटायचं आजोंची वेळ चुकते.
दोघी एकमेकींकडे बघत राहिलो.
तिचा भाऊ फेरीबोटीवर. त्याच्याकडून भरतीचं कोष्टक आलं,
डिझेलचे डाग पडलेलं.

एकवीस दिवसांतले तेरा जुळले.
आठ नाही जुळले.
मी म्हटलं, तेरांनी काही सिद्ध होत नाही,
शिवाय या खिडकीतून पाणी दिसतसुद्धा नाही.
"जायना जाल्यार जायना," ती म्हणाली,
"आज साडेसहांक हांव तांचेकडेन बसतां."

पाच वाजताची गोळी त्या दिवशी कपाटातच राहिली.
डॉक्टरांना मी फोन केला होता, तिनं नाही;
ते तिच्यावर ओरडले असते.

आता फॉर्मला नवी पानं जोडलीयत, ती पिएदादच्या अक्षरात.
वरिष्ठ विचारतात, याचं गुणांकन कसं करणार?
ठाऊक नाही.
घड्याळाचं शून्य मी तसंच ठेवलंय,
शेजारी पेन्सिलीनं ते दार काढून.

काल तिघांनी मिळून न्हाणीचं दार लोटलं.
आजो वाकले, उंबऱ्याला तळहात लावून
ओल कुठे झिरपते का ते पाहिलं, बराच वेळ.
मग मला विचारलं, "तूं खंयची?"
फोंड्याची, म्हटलं.
"पयस," ते म्हणाले, आणि समजूत घातल्यासारखं हसले,
"थंय भरती पावना."