कोपऱ्यातला आकडा

तनुजा, बस. स्टूल डगमगतं, भिंतीकडे सरकव.
हा आपला कॅल्क्युलेटर. आठाचं बटण झिजलंय,
कुणीतरी नेलपेंटचा ठिपका लावला,
आता तो ठिपका म्हणजेच आठ.

टाकळीच्या पुलाखालून बर्फाच्या डब्यात आलेली नदी
काल आपण इन्क्युबेटरमध्ये निजवली होती.
रात्रीत उगवून आलीय, बघ.
तीन ताटल्या, प्रत्येकीत पांढऱ्या ठिपक्यांच्या वसाहती.
मोजलेल्यावर काचेच्या पाठीमागून पेनाची खूण करत जा,
नाहीतर सिडकोत नवा पोस्टमन फिरतो
तशी त्याच घरी दोनदा जाशील.

सत्तेचाळीस. एम-प्लस.
बावन्न. एम-प्लस.
पंचेचाळीस. एम-प्लस.
पडद्याच्या कडेला बारीकसा एम आहे ना?
म्हणजे पोटात काहीतरी आहे.
आता एम-आर दाब. किती?

दोनशे त्र्याण्णव.

अगं, कालचे एकशे एकोणपन्नास आतच राहिले होते.
तू एसी दाबलंस, बंद केलंस, झाकण लावलंस,
पण त्यानं नुसतं तोंड पुसलं जातं.
कालच्या नदीत आज तू आजची ओतलीस.
शून्य दाब, मग एम-इन. गेला एम?
आता पुन्हा पहिल्यापासून. हो, तिन्ही.

एकशे चव्वेचाळीस. भागिले तीन. अठ्ठेचाळीस.
पाणी आपण दहा हजार पट पातळ केलं होतं,
ते आता मूळ जागी आणायचं.
गुणिले…
थांब.
दहा नको. एक दाब. एक, एक्स्प, चार.
दहा त्या एक्स्पच्या आतच मांडी घालून बसलेला असतो,
त्याला आणखी एक दहा दिलास तर तो नाही म्हणत नाही.

माझ्याकडून झालंय हे.
नोकरीचं पहिलं वर्ष, नवी साडी, नवा चष्मा,
मी ऐटीत दहा, एक्स्प, चार दाबलं
आणि पडद्यावर आलं ४.८,
वर कोपऱ्यात इवलंसं ०६.
मोठा आकडा बरोबर होता, म्हणून कुणाचा डोळा अडला नाही,
माझा नाही, टायपिस्टचा नाही, साहेबांच्या सहीचा तर नाहीच.
तीन तास गोदावरी दहापट घाण होती,
तीही फक्त त्र्यंबक रोडवरच्या या खोलीत.
तिकडे घाटावर बायका गोधड्या आपटत होत्या,
त्यांच्यासाठी ती होती तेवढीच होती.

चार वाजता आहेर सर आले.
बशीतला चहा संपेपर्यंत कागदाकडे बघत राहिले.
ओरडले असते तर मी विसरले असते.
म्हणाले, "गायधनी, पुढ्यात बसलेल्याला कुणीही नमस्कार करतं.
कोपऱ्यात बसलाय त्याला विचारायचं, बाबा, तू कोण?"
आणि लुनाला किक मारून
स्वतः साहेबांच्या टेबलावरून कागद परत घेऊन आले.
साहेबांना काय सांगितलं, ते मला आजवर कळलेलं नाही.

तेव्हापासून माझी नजर आधी कोपऱ्यात जाते.
लाइटबिलात, लग्नपत्रिकेत,
घरी कुणी "काही नाही, बरंय" म्हणालं की त्या "बरंय"च्या वरच्या अंगाला.

झालं? काय दिसतंय?
४.८, ०५.
लिही रजिस्टरमध्ये. चार पूर्णांक आठ गुणिले दहा,
आणि तो पाच वर चढव, चांगला वर.
घाईत खाली घसरला, दहाच्या ओळीत येऊन बसला,
तर शून्याला खेटून एकशे पाच होईल,
आणि कुणीतरी बिनघोर
हे पाणी पिईल.

हं. आता शून्य, एम-इन.
मग हात धू. साबणानं.
त्या आठालाही पुसून घे,
पण हळू, रंग निघेल.