डिलिव्हरी फक्त विटा व परिसर

पाटीवर रंगाऱ्यानं ‘बुके’तला बु दीर्घ काढला,
तो तसाच ठेवलाय. गिऱ्हाईक त्यापायी अडत नाही.

मिरजेची एसटी साडेसातला स्टँडवर लागते,
खोकी उतरतात. जरबेरा. वर्तमानपत्रात वीस-वीस गुलाब,
प्रत्येक कळीला जाळीची टोपी,
थंडीत शाळेला निघालेल्या पोरांसारखी.

आमच्या अब्बांनी फुलं वजनावर विकली.
पावशेर झेंडू, लग्नाचे हार, मयताचे हार,
दर्ग्याची चादर.
देठाचे पैसे होतात हे त्यांना पटलं नसतं,
ते देठ खुडून म्हशीपुढं टाकायचे.
मी देठ विकतो. लांबीवर.

ऑर्डरी गावातून येत नाहीत.
त्या येतात सेलमहून, गुवाहाटीहून, त्रिचूरहून.
जिथं कुठं सोनं वितळतं
तिथं आमच्या तालुक्यातला एक जण भट्टीपुढं बसलेला असतो,
आणि पत्ता असा सांगतो:
लेंगऱ्यात या, टाकीपासनं आत, निळं गेट,
कुत्रं भुंकतंय, चावत न्हाई.

विलास निकम. दर वर्षी नऊ मे.
“धा लाल. दोन पांढरी, ती उंच असत्यात बघा, ती.”
कार्डावर काय लिहू?
फोनमध्ये बराच वेळ नुसता ब्लोअर वाजतो.
“लिव्हा, तब्येतीला जप.”
मग, “नको, ते खोडा. नुसतं नाव लिव्हा.”
मग, “ऱ्हाऊ दे. कोरंच जाऊ दे.”

यंदा पोऱ्या बहिणीच्या लग्नाला गेलेला,
म्हणून मीच निघालो,
बुके टाकी आणि पोटाच्या मध्ये धरून, वाऱ्याला पाठ देत.

शालनवहिनी शेणाचे हात धुऊन आल्या.
किती पडलं, हे आधी.
साडेपाचशे म्हटल्यावर म्हणाल्या, “पेंडीचं अर्धं पोतं.”
रागानं नाही, हिशेबानं.
फोटोसाठी पदर सारखा केला
आणि बुके धरला तो
कुणी लेकरू घटकाभर सांभाळायला दिल्यासारखा.
फोटो गेला. दोन निळ्या खुणा लगेच उमटल्या.
बसलाच होता तो, फोन हातात घेऊन.

मग ओट्यावर बसून त्यांनी तो सोडवला.
टाचण्या, टेप, रिबीन. रिबीन कालवडीच्या गळ्यात.
गुलाब देवाला, शेजारच्या सुनेला,
एक स्वतःच्या केसात खोवायला गेल्या तर
देठ वीतभर बाहेर.
मी कात्री दिली आणि दुसरीकडं बघितलं.
हिरव्या स्पंजात बोट दाबलं, ठसा तसाच राहिला.
“ह्यात काय उगवतंय व्हय?”
लिली तेवढ्या तांब्यात ठेवल्या, कळ्याच होत्या.

निघताना कनवटीचे दोनशे पुढं आले.
“तिकडं धाडता येतंय का काय?”
वहिनी, पाटीवर लिवलंय, विटा व परिसर.
“मग परिसर कुठवर असतोय?”

रात्री चार नंबर फिरवले.
सेलमच्या बाजारातला कुणी एक फुलवाला लागला,
माझं हिंदी त्याला कळेना, त्याचं मला.
मी म्हटलं मोगरा, तो म्हणाला मल्ली,
तिथून पुढं सोपं गेलं.
तिकडं माळ हातावर मोजतात, कोपरापासून बोटापर्यंत.
दोन हात दे, म्हटलं.

तिसऱ्या दिवशी फोन. “गजरा आलाय.”
होय.
“कुणी माळायचा हितं? तिघं गडी आम्ही.”
मी काहीच बोललो नाही.
“चिठ्ठी न्हाई काय त्यात?”
नाही.
“बरं,” म्हणाला. आणि थोड्या वेळानं,
“जुन्या काट्याला अडकिवलाय.
एक पारडं खाली गेलंय जरासं.”

मागं ब्लोअर बंद होता.