दोन मिनिटं

तक्रारीवर चौथी सही माझी आहे.
नाकारत नाही. निळी शाई, खाली तारीख,
आणि जुन्या सवयीनं वेळसुद्धा: १८.४०.
मजकूर असा होता की दौलतगंजच्या सरकारी दवाखान्यात
डॉक्टर मुळ्येबाई पेशंटला
दोन मिनिटंही देत नाहीत.

छोट्या लाइनवर एकतीस वर्षं गार्ड होतो मी.
ग्वाल्हेर ते श्योपूर.
लोक हसायचे त्या गाडीला,
म्हणायचे, उतरून बोरं तोडा अन् पुन्हा चढा.
मी प्रत्येक स्टेशनावर डायरीत मिनिट लिहिलं.
म्हणून सोमवारी घड्याळ घेऊन गेलो,
पर्चा न काढता बाकावर बसलो,
नुसता मोजायला.

आठ वाजून दोन. बाई आल्या.
डबा खिडकीत ठेवला. (एक वाजेपर्यंत तो तिथंच होता.)
रमजानी टांगेवाल्याचा नातू, ताप: दीड मिनिट.
मुरारची एक बाई, पदराखाली एक्सरे: सहा.
आधी रडली, मग बोलली.
खोकला, खोकला, गालगुंड, खोकला.
कम्पूकडचे एक आजोबा, ज्यांना काहीच झालं नव्हतं;
फाल्गुनात बायको गेली होती.
बाईंनी त्यांचं बीपी दोनदा घेतलं.
दुसऱ्यांदा घ्यायची गरज नव्हती,
हे मलाही कळलं.

एक वाजला तेव्हा एकशे एकोणीस.
टेबलं तीन, खुर्च्या तीन, माणूस एक.
उरलेल्या दोन खुर्च्यांवर जुन्या केसपेपरांचे गठ्ठे,
भिंतीवरच्या पाटीवर दोन नावांच्या जागी "रिक्त",
आणि त्या रिक्तचाही रंग उडत आलेला.

बाकावरच भागाकार केला. अडीच मिनिटं.
म्हणजे होती तेवढी सगळी दिली होती बाईंनी,
वर स्वतःच्या डब्यातली.

सिटी सेंटरच्या नव्या हॉस्पिटलात
मला वीस मिनिटं मिळाली होती मागे.
काचेच्या पेटीत मासे, थंडगार हवा,
अठरा मिनिटं बिलाच्या खिडकीवर.

बाहेर पडताना फाटकावर नोटीस दिसली, लेई अजून ओली.
दवाखाना कंपनीकडे सोपवण्याचा प्रस्ताव,
"नागरिकांच्या तक्रारी लक्षात घेता".
नागरिक म्हणजे मी.
नागरिक क्रमांक चार, वेळ १८.४०.

गाडी लेट झाली की गार्डला कारण लिहावं लागतं.
दोन इंजिनं काढून घ्यायची,
डबे तेवढेच ठेवायचे,
आणि शेऱ्यात लिहायचं, ड्रायव्हर आळशी:
असा शेरा मी जन्मात लिहिला नाही.
पेन्शनीत लिहिला.

घरी जाऊन दुसरा कागद काढला.
सही मागे घेतो, असं लिहिलं.
बाकीच्या अकरा जणांकडे गेलो; तिघांनी दार उघडलं,
एकानं पेन मागितलं.
कागदाचं काय होईल, ठाऊक नाही.

मंगळवारी मात्र रांगेत उभं राहून पर्चा काढला.
बाई म्हणाल्या, "काल बसला होतात ना? काय होतंय?"
म्हटलं, सही करताना या हाताला मुंग्या येतात.
त्यांनी हात उलटा केला, बोटं एकेक दाबली,
मान वळवायला लावली.
मला सांगायचं होतं. ओठावर आलं होतं.

"मानेचा व्यायाम लिहून देते. रोज करायचा.
आणि काका, जाताना
पुढच्या पेशंटला आत पाठवा."