माल वापस

शनवारचा बाजार उठला की रविवारी सकाळी
वच्छलाबाई तायडे पिंपळखुट्याचा चौक झाडते.
खराटा ग्रामपंचायतीचा, पोतं तिचं स्वतःचं.
खराट्याला तिच्या एक वेग असतो, आणि मधेच तो थांबतो.
चिखलात कोणीतरी चार हातांचं पडलेलं असतं.

वाकते. चिमटीत धरते. लुगड्याला पुसते.
पोत्यात टाकते.
पुन्हा खराटा.

कंबरेच्या मलमाच्या खोक्यावरचा मारोती,
डोंगर अजून हातावरच.
पंपाच्या पुठ्ठ्यावरचा महादेव, जटेतून पाच हॉर्सपॉवरचं पाणी.
बेसनाच्या पिशवीवरचा गणपती,
पोटावर किंमत, सर्व करांसहित.
आणि दिवाळीनंतरच्या रविवारी लक्ष्मी, फक्त खालची अर्धी,
जिच्या कमळाच्या देठातूनच
बॉम्बची वात निघत होती.

"तुमचे तर नाहीत ना हे, बाई," मी एकदा म्हटलं.
ती म्हणाली, "माहे नाहीत.
कोणाचे तरी असतीन ना पण."

दुकान माझं चौकातच. हे सगळे माझ्याच फळीवरून गेलेले.
कंपनीचा पोरगा अकोटाहून मोटरसायकलवर येतो,
दोन पुडे समोर ठेवतो.
उदबत्ती तीच, काड्या तेवढ्याच, वास तोच.
साध्या पुड्याचे दहा, फोटोवाल्याचे बारा.
"फोटोवाला उठते, काका."
उठतो खरंच.
म्हणजे देव दोन रुपयांचा,
त्यातले चाळीस पैसे माझे.
वीस वर्षांत किती झाले, कधी मांडलं नाही.
हिशेबात मी कच्चा नाही.

चैत्रात पोतं भरलं.
पुजारी म्हणाला, नदीत सोड.
नदीत वाळूच्या ट्रॅक्टरची चाकोरी होती.
सरपंच म्हणाला, विहिरीत नको, पाण्याची तपासणी आहे.
जाळायला तिचाच हात होईना.
तिच्या नातवानं, सम्यकनं,
पुड्यावरचा नंबर लावला.
मराठीसाठी दोन दाबा.
तक्रारीसाठी चार दाबा.
मग बासरी वाजली.
बराच वेळ बासरीच वाजली.

त्याच आठवड्यात नवा माल आला,
डास पळवणारी अगरबत्ती, निळा पुडा,
त्यावर बुद्ध. डोळे मिटलेले.
वच्छलाबाई मीठ घ्यायला आली होती.
पुडा हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला.
"याचे बी दोन रुपये वरचे?"
"तीन," मी म्हणालो.
खोटं बोलता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी तिनं पोतं माझ्या काट्यावर आणून ठेवलं.
"पाह्य किती भरते."
अकरा किलो सहाशे.
रद्दीचा भाव नऊ. मी गल्ला उघडला.
"पैसे नको मले, शेठ.
माल वापस घे.
तुह्याकडूनच गेला होता."

पोतं गोदामात आहे, मिठाच्या कट्ट्याशेजारी.
रात्री उंदीर ते कुरतडतात.
आत गणपती आहे, म्हणून मी विष घातलं नाही,
असं बायकोला सांगतो.
विष संपलंय, मागवायचं राहून गेलं.

आता रविवारी तिच्याजवळ पोतं नसतं.
वेचलेलं सगळं ती माझ्या ओट्यावर ठेवते,
आणि उडू नये म्हणून वर एक दगड,
नाल्यातला, काळा, मुठीएवढा.
कागद मी आत नेतो.
दगड तिथंच राहतो, पुढच्या रविवारसाठी.

परवा त्या दगडावर कुंकू दिसलं.
शेजारी एक झेंडू, अर्धा सुकलेला.
कोणी वाहिला, मी विचारलं नाही.

वच्छलाबाई आली. ओंजळभर कागद हातात तसेच धरून
दगडाकडे पाहत राहिली.
मग ते माझ्या हाती दिले, नाल्यात उतरली
आणि दुसरा दगड घेऊन आली.