चौथा रकाना

गेटवरच्या वहीत चार रकाने आहेत:
नाव, कुठून, कुणाकडे, काम.
शिवपूजनने पेन दोरीला बांधलंय,
दोरी तिसऱ्या रकान्यापर्यंतच पुरते,
चौथ्यासाठी वहीच सरकवावी लागते.
माझ्याआधीच्यांनी लिहिलंय:
गॅस. कुरिअर. पर्सनल. गॅस.
एकाने नुसतंच ‘आहे’.

मी लघुवाद न्यायालयाचा बेलिफ, धोबीतलाव.
खरं लिहिलं तर मी जिना चढायच्या आत
खालच्या गिरणीवाल्यालाही कळेल
कुणाचं घर कोर्टात गेलंय.
म्हणून कामाच्या रकान्यात मी लिहितो, ‘काम’.
शिवपूजन वाचतो, मान हलवतो.
त्याच्या भाषेतही तोच शब्द आहे,
गिरणीवाल्या छेडाशेठच्याही.
कुणाची काही तक्रार नसते.

कोर्टात कामं पुकारतात.
काम बोर्डावर येतं, काम तारखेला लागतं,
तीस-तीस वर्षं चालतं आणि पोचत कुठेच नाही.
आमच्या प्रत्येक कागदाची सुरुवात ‘सदर कामी’.
लढाईत कामी आलेला माणूस परत येत नाही म्हणे.
आमचा येतो,
दर तारखेला, डबा घेऊन.

घरी हा शब्द मोजायचा असे.
आईकडे सहा कामं होती.
एक काम सुटलं, म्हणायची, एक काम गावी गेलंय,
डॉक्टरांचं काम बरं, चहा देतं.
माझा पहिला फुलबाह्यांचा शर्ट
एका कामाने दिवाळीत दिला.
एखादं काम आजारी पडलं
की आई आमच्या खोलीतही हळू बोलायची.
मला वाटे, काम म्हणजे
मागच्या जिन्याने जायचं असतं ते घर.

माटुंगा, दुसरा मजला. कुमुद वागळे,
वय एक्याऐंशी, टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त,
भाडेकरू, वडिलांपासूनच्या.
दार किलकिलं करून म्हणाल्या, ‘काय काम काढलंत?’
मी पाकीट काढलं.
त्यांनी पाकिटाकडे पाहिलं, मग माझ्या उंचीकडे.
‘आधी एक काम करा.
स्वयंपाकघरातला बल्ब गेलाय
आणि मला स्टुलावर चढायची बंदी आहे.’

हे माझं काम नव्हे, हे वाक्य
माझ्याकडे कायम तयार असतं,
वीस वर्षांत पुष्कळ वापरलंय.
बूट काढले, चढलो.
उजेड पडला तेव्हा वरून दिसलं:
ओट्यावर पालथी भांडी,
आणि त्यांच्यापासून वीतभर लांब
कान तुटलेला एक कप, धुऊन ठेवलेला.
कुणाचा, ते विचारलं नाही.

‘झालं काम?’ खालून आवाज आला.
‘तुमचं झालं. माझं राहिलंय.’
चष्मा लावून, नव्या उजेडात,
त्यांनी तिन्ही पानं वाचली, मागची कोरी बाजूही पाहिली.
सही केली. तारखेतला सात दोनदा गिरवला.
चहा विचारला.
मी नको म्हणालो, जरा घाईनेच.

जिन्यात उभ्याने अहवाल लिहिला:
‘सदर कामी समन्स प्रतिवादीस जातीने बजावले.’
जातीने या शब्दाशी पेन थोडं थांबलं.
बल्बला त्यात जागा नव्हती.

आई आता कुठे जात नाही, गुडघे.
कुणी विचारलं तर सांगते, रिकामी आहे.
मी तो शब्द फोडून पाहिलाय,
नुसता एक रि,
पुढे तेच.

‘वागळे म्हणून एखादं काम होतं का गं तुझ्याकडे?
माटुंग्यात?’
ती लसूण सोलत होती.
‘दुसऱ्या मजल्यावरचं?’ म्हणाली.
‘नाही, ते गोदाचं.
मला हवं होतं खूप.
त्यांच्या मोरीला खिडकी होती.’