आठशे ग्रॅम

गोर्गानच्या रुग्णालयात, तळमजल्यावर,
किरणांच्या खोलीबाहेर माझं टेबल आहे.
वजनकाटा, मोजपट्टी,
आणि भुकटीचे डबे, ज्यांना व्हॅनिलाचा वास येतो
असं डब्यावर छापलंय.
ओगुलबीबी म्हणाली, नव्या चपलेचा येतो.

ती गोमिशानकडची, तुर्कमेन, एकसष्ट वर्षांची.
गालिचे विणून बोटांची पेरं चपटी झालेली.
अन्ननलिकेत गाठ, मधल्या भागात.
नेम धरायला छातीवर तीन ठिपके गोंदले
तर आरशात वाकून बघत म्हणाली,
"तीनच गाठी? एवढ्यात कुठला नक्षा उठतो?"

माझ्या फॉर्मवर एक प्रश्न आहे:
चहा ओतल्यावर किती मिनिटांनी पिता?
ती हसली. इकडे सगळेच हसतात.
"चहा काय पाहुणा आहे, बसवून ठेवायला?"
मी शून्य लिहिलं.

जुने शोधनिबंध विचारायचे, गाठ किती आकसली.
आताचे हेही विचारतात, माणूस किती उरलं.
म्हणून मी दंडाचा घेर घेते, मांडीची जाडी घेते,
मुठीची पकड मोजायचं यंत्र हातात देते.
ओगुलबीबीने ते असं आवळलं
की काटा माझ्या आकड्याच्या पुढे गेला.
पण घशाखाली घास उतरेना.
नाकातून नळी आधीच घालावी की वेळ आल्यावर,
यावर मोठमोठ्या परिषदांतही
अजून वाद चालतात.
तिचं मत पक्कं होतं: नळी नको.

पहिल्या मंगळवारी एकोणपन्नास किलो.
दुसऱ्या मंगळवारी अठ्ठेचाळीसला थोडं कमी.
तिसऱ्या मंगळवारी मी आकडा मोठ्याने वाचला नाही.

चौथ्या मंगळवारी वजन आठशे ग्रॅमनी वाढलं.

मी काटा शून्यावर आणून पुन्हा उभं केलं तिला. आठशेच.
उंटिणीचं दूध, तांदळाची पिठी, दोन चमचे भुकटी,
माझीच पाककृती, मीच कागदावर लिहून दिलेली!
डॉक्टर सोहराबींना फोन केला, नळी पुढे ढकलली,
आणि पडद्यावर तो बिंदू टाकला.
इतके दिवस फक्त उतरणाऱ्या रेघेने
मान वर केली.

मग आतून आवाज आला. खण्‌.
किरणांच्या खोलीतून बेहनाज बाहेर आली,
हातात गालिचा ठोकायचा लोखंडी पंजा,
दाते बोथट, मुठीला लाल लोकर अजून चिकटलेली.
लांब झग्याच्या आत, कमरेला, चिंधीने बांधलेला होता.
मी तो काट्यावर ठेवला.
तेराशे ग्रॅम.

मापात पाप म्हणतात ते हेच असावं,
पण मला रागवायला जमेना.
"नळीच्या भीतीने केलंस ना?"
ओगुलबीबीने ओढणीचं टोक दातात धरलं.
"ते तर आहेच," म्हणाली.
"पण दर मंगळवारी वजन माझं उतरतं
आणि तोंड तुझं.
म्हटलं, एकदा तरी हसून घरी जाऊ दे पोरीला."

रात्री आकडा दुरुस्त करायला बसले.
संगणक विचारतो, बदलाचं कारण निवडा:
उपकरणातील दोष. नोंदीतील चूक. इतर.
'इतर'पुढे वीस अक्षरांची जागा.
मी 'पंजा' लिहिलं, खोडलं,
पुन्हा लिहिलं.
माझा निबंध वाचणारा कुणीतरी कधीतरी अडखळेल तिथे.
अडखळू दे.

पाचव्या आठवड्यात नळी घातलीच.
नाकाशी चिकटपट्टी लावून ती बाकावर बसते,
तासाला एक घोट तोंडाने घ्यायची परवानगी आहे.
माझ्या थर्मासमधून पेल्यात चहा ओतते,
पेला गुडघ्यावर ठेवते,
आणि वाफ जाईपर्यंत
सोबतच्या बाईला गालिच्याचे भाव सांगत राहते.
पंजा माझ्या टेबलावर कागद दाबून आहे,
न्यायचं ती विसरते, म्हणे.

मी घड्याळ बघते. सहा मिनिटं झाली.
पेल्याला बोट लावून ती मान हलवते,
अजून नाही.